पत्र्याला बांधलेला पाईप

माझ्या जावयाला मी शास्त्रज्ञ म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. त्याला ते कौतुक वाटायचं, यावरूनच काय ते समजा.

गॅरेज माझं, तीस वर्षांचं. बायको गेली तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती. घरी एकटी कुठे ठेवायची, म्हणून शाळा सुटली की इथेच यायची आणि टायरच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. अभ्यास कसला, कान सगळे गाड्यांकडे. बारा वर्षांची असताना एकदा म्हणाली, "बाबा, त्या निळ्या गाडीचा तिसरा सिलिंडर मागे पडतोय." मी म्हटलं, गप बस, मोठी आलीस शहाणी. उघडून बघतो तर तिसराच. तेव्हापासून आमची वाटणी ठरली, कान तिचे आणि डोळे माझे. कुठलंही काम संपलं की मी टॉर्च घेऊन गाडीभोवती शेवटची फेरी मारायचो. मी 'काढा' म्हटल्याशिवाय गाडी हलवायची कोणाची छाती नव्हती.

शास्त्रज्ञ आला गिऱ्हाईक म्हणून आणि राहिला जावई म्हणून. माणूस वाईट नाही. हे मला आज सुचलंय असं नाही, तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग यायचा. वाईट असता तर हाकलून दिला असता.

त्याने एका जुन्या, साध्या गाडीला टर्बो बसवायला घेतला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, ताकद वाढवतो आणि चढावर पाच मिनिटं ताणला की लालभडक होतो. कंपनीने ज्या गाडीत तो कधी योजलाच नाही तिच्या बॉनेटखाली तो बसवायचा, म्हणजे एका खोलीच्या बिऱ्हाडात भट्टी लावायची. शेजारीपाजारी सगळं रबर, वायरी आणि पेट्रोल. ताकद कोणीही वाढवतं हो, खरं काम त्या उष्णतेला वाट काढून देण्याचं. पोराने ते मन लावून केलं, हेही सांगतो. धुराच्या नळीला पट्टी गुंडाळली, टर्बोला न जळणारं पांघरूण शिवलं, बॉनेटला झरोके कापले, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा लावला. चार महिने दोघं नवराबायको त्या गाडीत डोकं घालून बसले होते.

कशासाठी? तर धरणाकडच्या चढाच्या शर्यतीसाठी. तिथे एका मोठ्या संघाचा मॅनेजर येणार होता. गाडी आवडली तर तो त्यांना आपल्या वर्कशॉपमध्ये घेणार होता. ते वर्कशॉप इथून आगगाडीने अकरा तासांवर.

"निवड झाली तर आम्ही दोघं जाणार, बाबा," पोरगी म्हणाली.

"दोघं कशाला? त्याला जाऊ दे. तू इथलं बघ."

"मलाही तिथे काम आहे."

"बघू," मी म्हटलं. माझं बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून पाठ.

"या वेळी बघू नाही, बाबा. या वेळी जाणार." एवढं बोलून ती हात धुवायला गेली.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एकुलती एक लेक, आणि गॅरेजमध्ये तिच्यासारखा हात दुसरा नाही. ती गेली तर मी कोणाशी बोलू? टायरशी? तिच्यावर रागावता येईना, मग सगळा राग शास्त्रज्ञावर. आधीच मी त्याला पाण्यात पाहत होतो.

त्यात त्याने एक दिवस भर घातली. उष्णता मोजायचं नवं यंत्र आणलं होतं, पिस्तुलासारखं रोखायचं आणि आकडा वाचायचा. गाडी चालू, समोर मोठा पंखा लावलेला, आणि हा पत्र्यावर यंत्र रोखून सगळ्यांना आकडा दाखवतोय. "अठ्ठेचाळीस फक्त. बाबा, आता नुसत्या डोळ्यांचे दिवस गेले." हसत म्हणाला, मनात काही नव्हतं त्याच्या. पण चार गिऱ्हाइकं हसली, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी तयार झाली. मी टॉर्च घेऊन फेरीला निघालो. चाकं बघितली, ब्रेक बघितले, बॉनेटखाली वाकलो, आणि दिसलं. पेट्रोलचा रबरी पाईप त्याने त्या आडव्या पत्र्यालाच क्लिप मारून बांधला होता. पत्र्याची पलीकडची बाजू, म्हणजे गार बाजू, असा त्याचा हिशेब. पंख्यासमोर ती गारच असते. चढावरही वारा असतो, पाईपातून गार पेट्रोल धावत असतं. इंजिन चालू असताना सगळेच टर्बो सज्जन. बंद केलं की वारा थांबतो, पेट्रोल थांबतं, आणि आत साठलेली सगळी उष्णता हळूहळू पत्र्यात उतरते. बंद गाडीच जास्त तापते. ज्याने गाडी बंद करून, दहा मिनिटं थांबून हात लावलाय त्यालाच हे माहीत असतं. यंत्राने मोजणाऱ्याला कुठून कळणार?

क्लिप सोडायची आणि पाईप दोन बोटं बाजूला घ्यायचा, दोन मिनिटांचं काम. पाना माझ्या खिशात होता.

मी काय विचार केला ते सांगतो, लपवून काय करू? चढ पार होईल. वर जाऊन गाडी उभी राहील, पाईप वितळेल, धूर निघेल, मॅनेजर नाक मुरडेल. शास्त्रज्ञाची चारचौघांत जिरेल आणि पोरगी घरी राहील. कोणाला इजा व्हावी असं मनात नव्हतं. पण पेट्रोल आहे ते, पाणी नाही, हे मला तीस वर्षं माहीत होतं.

"बाबा?" पोरगी शेजारी उभी होती. तिचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहिल्यासारखा.

मी टॉर्च बंद केला. "काढा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी अशी काय चढली म्हणता. जावई चालवत होता, ती शेजारी बसून इंजिन ऐकत होती. दुसरा नंबर. वर डोंगरमाथ्यावर, मी आधीच जाऊन उभा होतो तिथे गाडी लावली, दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून मग बंद केलं, सगळं रीतसर. मॅनेजर आला, हात मिळवले, गप्पा सुरू झाल्या. पाच मिनिटं गेली, सात गेली. तो म्हणाला, जरा आतलं काम दाखवा. लोक गोळा झाले. पोरगीच पुढे झाली. तिने खटका दाबला आणि दोन्ही हातांनी बॉनेट वर उचललं.

वितळलेल्या पाईपातून गळलेलं पेट्रोल हवेचीच वाट बघत होतं. भपकन आवाज झाला. जावयाने तिला मागे ओढलं आणि स्वतःचं जाकीट तिच्या हातांवर दाबलं. आग विझवायचा सिलिंडर माझ्या पायाशी होता, तो दुसऱ्याच कोणीतरी उचलला.

तोंड वाचलं. हात कोपरापर्यंत भाजले. डॉक्टर म्हणाले, जखमा भरतील, पण बोटं मिटतील असं धरून चालू नका.

दवाखान्याच्या बाकावर शास्त्रज्ञ लहान पोरासारखा रडत होता. "पाईप मी बांधला, बाबा. तुमच्या नजरेतूनसुद्धा सुटला." मी त्याला नर्सांच्या देखत झाडला. म्हटलं, यंत्र विकत मिळतं, अक्कल मिळत नाही. उंटावरचा शहाणा तू, माझ्या लेकीच्या हातांची राख केलीस. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं त्याने. मला त्या वेळी बरं वाटलं.

मॅनेजर भेटायला आला होता. निघताना जिन्यात मला म्हणाला, "खरं तर मी हिच्यासाठीच आलो होतो. असे कान मिळत नाहीत. नवऱ्याला सोबत म्हणून घेणार होतो." मी त्याला दारापर्यंत सोडून आलो.

तिसऱ्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो.

"तुम्ही मागे का सरकलात, बाबा?"

"कधी?"

"मी खटका दाबला तेव्हा. सगळे बघायला पुढे आले. तुम्ही दोन पावलं मागे गेलात."

"धूर दिसला मला."

"धूर नव्हता. वासही नव्हता, मला आला असता." ती माझ्याकडे बघत राहिली. मला माझी ती दोन पावलं आठवतही नव्हती. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

आता ती घरीच आहे, आणि जावईही इथेच आहे. तो गॅरेज सांभाळतो आणि साध्या गाड्यांचीच कामं घेतो. पहिल्या दिवशी तो तिला भरवायला बसला तर तिने मान वळवली. "बाबा भरवतील," म्हणाली. तेव्हापासून तिन्ही वेळा मीच भरवतो. जावई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, बापलेकीचा जीव बघा एकमेकांवर, आणि त्याचे डोळे भरून येतात. त्याला तिने काहीच सांगितलेलं नाही. त्याच्याशी ती बोलते, कधी हसतेसुद्धा, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

माझ्याशी दवाखान्यानंतर एक अक्षर नाही. मी समोर बसतो, चमचा पुढे करतो. ती सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत जेवते. परवा मला राहवलं नाही. चमचा हातात तसाच धरून मी म्हटलं, "पोरी, शिव्या दे, पण काहीतरी बोल." तिने तोंड उघडलं, आणि घासाची वाट बघत तसंच उघडं ठेवलं.