लॉगिननंतरचं पान

एके दिवशी जवळच्या सारसोळे गावची शकुबाई मासळीची पाटी घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटवर उभी होती, आणि आई मोबाइलवरून तिला आत घ्यायच्या खटपटीत होती. समितीने आणलेलं अ‍ॅप असं, की गेटवर कोणी आलं की नोटिफिकेशन येतं; आपण 'अप्रूव्ह' दाबलं की वॉचमन दांडा वर करतो. आमचं घर आईच्या नंबरवर नोंदलेलं. अधूनमधून हे अ‍ॅप सुरक्षेच्या नावाखाली आपल्यालाच बाहेर काढतं. त्या दिवशी तसंच झालं. आईने नोटिफिकेशनवर बोट ठेवलं. त्याने नंबर मागितला, ओटीपी मागितला, आणि सगळं घेऊन झाल्यावर होमपेजवर गादीची जाहिरात दाखवली. मागे जाऊन बघते तर नोटिफिकेशन गायब.

"मला बोंबील हवेत आणि हा मला गादी विकतोय," आई म्हणाली. "ईश्वरी, तुम्ही वेबसाइटवाले हेच करता का गं ऑफिसात?"

"याच्या उलट करतो. लॉगिन मागण्याआधी माणूस कुठल्या पानावर निघाला होता ते लक्षात ठेवायचं, आणि लॉगिन झालं की त्याला तिथेच नेऊन सोडायचं. दोन ओळींचं काम आहे."

"मग यांना ते येत नाही?"

"येतं. पण गादी विकायचीय."

तेवढ्यात खालून आवाज आला, "अगो चारूताय! मी काय चोर हाय? सांग ना याला!"

आई गॅलरीत जाऊन ओरडली, "सोड रे तिला!" वॉचमनने हसत दांडा वर केला. त्याबद्दल संध्याकाळी सेक्रेटरी उदयसिंहांनी त्याला झापलं. यापुढे अप्रूव्हलशिवाय कोणीही आत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्यापाशी कोसळली. मी अँब्युलन्स बोलावली. ती गेटवर पोचली आणि आईचा मोबाइल वाजला. मी नोटिफिकेशनवर बोट ठेवलं. अ‍ॅपने रात्रीत पुन्हा बाहेर काढलेलं. नंबर. ओटीपी. गादी.

इंटरकॉमवर मी आत घ्या म्हणत होते आणि वॉचमन रडकुंडीला आला होता. "मॅडम, अप्रूव्ह करा ना. कालच बोललेत मला."

शेवटी आईला फरशीवर तशीच सोडून मी खाली धावले आणि दांडा स्वतःच्या हाताने वर केला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर…

तेराव्यानंतर क्लबहाउसमध्ये सभा झाली. अ‍ॅप कंपनीचा तेजस लॅपटॉप घेऊन आला होता. दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. ती अर्ध्यातच खुर्च्या सरकवून मोडली गेली.

"तो जो इन्सिडेंट झाला," उदयसिंहांनी सुरुवात केली.

"सिस्टीममध्ये काही एरर नाहीये सर," तेजस म्हणाला. "रिक्वेस्ट गेली होती. चारुलता मॅडमच्या फोनवरून अप्रूव्हच झाली नाही."

"नोटिफिकेशनवरून लॉगिन केल्यावर गेटचं पान का येत नाही?" मी विचारलं.

"मॅम, लॉगिननंतर होमच येतं. डिझाइनच तसं आहे."

"कोणासाठी?"

"म्हणजे, जाहिरातीच्या बॅनरला व्ह्यूज मिळतात ना. म्हणून तर सोसायटीला अ‍ॅप फ्री आहे."

समितीने माना डोलावल्या. फुकट मिळालेल्या वस्तूची बाजू माणसं पोटच्या पोरासारखी घेतात.

"ताई, आई ऑफ झाल्या, आम्हाला पण वाईट वाटलं," उदयसिंह म्हणाले. "पण दोष कोणाला द्यायचा? सभेच्या मिनिट्समध्ये एवढंच घेऊ, घरातून अप्रूव्हल आलं नाही."

म्हणजे गेट आईनेच उघडलं नाही, असं कायमचं लिहिलं जाणार होतं.

ऑफ झाल्या, सुटल्या, देवाज्ञा झाली. मीसुद्धा इतके दिवस फोनवर सगळ्यांना 'आई गेली' असंच सांगत होते, वाशीला खरेदीला गेल्यासारखं. आपल्याकडे मरणासाठी इतके सभ्य शब्द आहेत, की माणूस कशाने मेला हे विचारण्यापर्यंत कोणी पोचतच नाही.

मी उभी राहिले.

"तसं लिहायचं नाही," मी म्हणाले. "माझी आई ऑफ झाली नाही, आणि कुठे गेलीही नाही. मेली. अँब्युलन्स तुमच्या गेटवर उभी होती, मी आत घ्या म्हणत होते, आणि याचं अ‍ॅप मला गादी दाखवत होतं. त्यात माझी आई मेली. हे लिहा."