कोळिष्टकं

थोरलीच्या घरात एक कोळिष्टक शोधायला कुणी गेलं असतं तर हात हलवत परत आलं असतं. आढ्याला नाही, कपाटामागे नाही, दाराच्या बिजागरीतही नाही. लांब काठीचा झाडू ती रोज चहाच्या आधी घरभर फिरवायची. सासूबाई आल्यागेल्याला हे कौतुकानं सांगायच्या, आणि सांगताना नजर धाकटीच्या घराकडे असायची. तिथे कोळी सुखानं नांदत होते.

असं असताना धाकटीच्या शेताचं कौतुक व्हावं, हे थोरलीला कसं पचणार?

दोघी जावांची भातशेतं शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. पुढच्या वर्षी गावाला लागणारं बियाणं या दोनपैकी एकाच शेतातून घ्यायचं ठरलं होतं. कोणत्या, ते पीक तपासायला येणाऱ्या बाई सांगणार. त्यांच्या गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. निवडलेल्या शेताच्या बांधावर मालकिणीच्या नावाची पाटी लागणार होती. थोरलीला ती पाटी हवी होती, आणि ती धाकटीला मिळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

धाकटीनं लावणी करताना दर दहा ओळींनंतर हातभर पट्टा मोकळा सोडला. "वारा खेळतो, ऊन बुडापर्यंत जातं. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना ते सोसत नाही," ती म्हणाली.

"शेताला भांग पाडलाय बाईनं. आता वेणी घालेल," थोरली पाणवठ्यावर सांगत सुटली.

तिनं स्वतः बोटभर जागा सोडली नाही, आणि युरिया धाकटीच्या दुप्पट फेकला. भात काळपट दिसावा इतका हिरवा झाला. नवरा म्हणाला, "पुरे आता, अजीर्ण होईल त्याला." त्याचं कोण ऐकतंय.

भिंगबाई यायच्या होत्या त्या सकाळी थोरली बांधावर गेली आणि जागच्या जागी थबकली. भातावर सगळीकडे दवानं भिजलेली जाळी चमकत होती. तिच्या शेतात, कोळिष्टकं. धाकटीच्या शेतातही होती, पण तिला कुठली लाज? थोरली तरातरा घरी गेली, झाडू घेऊन आली आणि अख्खं शेत झाडून काढलं. हो, शेत. पुढेही दर दोन दिवसांनी झाडत राहिली. बुडाशी पळणारे कोळी झाडूला दाद देईनात, तेव्हा त्यांच्यासाठी दुकानातलं सगळ्यात जहाल औषध आणून फवारलं.

पहिल्यांदा झाडलं त्याच दिवशी भिंगबाईंनी येऊन भात चाळवून पाहिला होता. "इथे कोळ्यांची जाळी दिसत नाहीत?"

"एकही सापडायचं नाही," थोरली मान ताठ करून म्हणाली. बाई पुढे काही सांगणार होत्या, पण ही चहा टाकायला गेलीसुद्धा. शाबासकी मिळाली, एवढंच तिच्या डोक्यात.

तीन आठवड्यांनी शेताच्या मधोमध एक गोल डाग पडला. आधी पिवळा, मग भाजल्यासारखा तपकिरी. थोरलीनं रोपांचा एक झुपका हातानं फाकवला. बुडाशी, पाण्याच्या जरा वर, तिळाएवढे तपकिरी तुडतुडे गच्च बसले होते आणि रस शोषत होते. चाळीसपर्यंत मोजून तिनं मोजणं सोडलं. बांधापलीकडे धाकटीचं शेत भांग पाडून हिरवंगार उभं होतं. तेही जळावं, असं थोरलीला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

नवरा म्हणाला, "आधी शेतातलं पाणी काढायला हवं. ते उतरणार धाकटीच्याच शेतातून. जा, विचार तिला."

तिनं दोन दिवस विचारलं नाही. तेवढ्यात खाटेएवढा डाग अंगणाएवढा झाला. तिसऱ्या दिवशी ती धाकटीच्या दारात गेली, तर चौकटीतलं जाळं थेट तोंडाला चिकटलं. ते पुसत म्हणाली, "बांध फोडायचा होता. पाणी काढायला."

धाकटीनं काही न विचारता फावडं उचललं. शेत पाहिल्यावर मात्र विचारलं, "जाऊबाई, तुमचे कोळी कुठे गेले?"

"झाडले."

"झाडले म्हणजे?"

"झाडूनं. घाण दिसत होती. उरलेल्यांना औषध मारलं."

धाकटी हसली नाही. ती हसली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं.

"अहो, तेच तर तुडतुडे खातात."

"मला काय ठाऊक? घरात तर..."

"घरातलं मला नका सांगू," धाकटी म्हणाली. "बारा वर्षं ऐकतेय. थोरलीच्या घरात एक जाळं नाही, थोरलीच्या घरात एक जाळं नाही. तुमचा तो झाडू चुलीत घालावा, असं किती वेळा वाटलंय मला."

थोरली बघतच राहिली. आपलाही कुणी हेवा करत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. समोर शेत जळत होतं, तरी तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

धाकटीनं बांध फोडला. पाणी तिच्या शेतातल्या त्या भांगांमधूनच खाली ओढ्याला गेलं. मग तिनं आपल्या भातात पेंढ्याच्या जुड्या उभ्या केल्या. दोन दिवसांत कोळी आत शिरून बसले, तशा त्या जुड्या दोघींनी अलगद उचलून थोरलीच्या शेतात नेल्या. युरिया बंद, औषध बंद, झाडू घरात. पाव शेत गेलं, बाकीचं तरलं.

पाटी अर्थातच धाकटीच्या बांधावर लागली. थोरली तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायची.

कापणीच्या आधी भिंगबाई शेवटच्या आल्या. थोरलीच्या शेतात वाकून, भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "वा, किती कोळी. कुठून आले हो?"

धाकटी बांधापलीकडे लोंब्या पाहत होती. तिचा हात थांबला. 'आमचेच' हा शब्द थोरलीच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला. कडू होता.

"उसने आहेत," ती म्हणाली. "धाकटीचे."

भिंगबाई वहीत लिहू लागल्या. थोरलीनं क्षणभर दम धरला, मग राहवेना.

"आणि हेही लिहा," ती म्हणाली. "सांभाळलेत मी."