ताईचा चहा

धाकटी दुधाच्या कारखान्यात झाकणांच्या मशीनवर होती. दूध भरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर गरम गोंदाचे ठिपके पडायचे, त्यावर फिरकीचं झाकण दाबलं जायचं आणि तिरकं बसलेलं झाकण दिसलं की ती ते खोकं बाजूला काढायची.

थोरल्या बहिणीचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला, तेव्हा दोघींचं पहिलं भांडण झालं तेही घरच्या दुधाच्या खोक्याच्या झाकणावरूनच.

“ताई, राहू दे, मी उघडते ना.”

“हात गेलाय, जीभ नाही. लागेल तेव्हा सांगेन!” ताई कडाडली.

 दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारून धाकटीने मशीनच्या चाचणीसाठी पाणी भरलेली, टाकून द्यायची खोकी घरी आणली. ताई ती गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण पिळायची. खोकं दाबलं गेलं की पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर! मग ती मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, पदराने तोंड पुसायची आणि पुढचं खोकं मागायची.

एका सकाळी धाकटीला चहाच्या वासाने जाग आली. ती धावतच स्वयंपाकघरात गेली. ताई स्टुलावर बसली होती, गुडघ्यांत दुधाचं उघडं खोकं, साडीवर थोडं सांडलेलं.

“बघत काय उभी राहिलीस? कप काढ.”

त्या दिवशी कामावर धाकटी भेटेल त्याला सांगत सुटली, “आमच्या ताईने आज चहा केला, बरं का!”