हात खाली येईपर्यंत

आमच्या ह्यांचा कुठे सत्कार झाला की कुणीतरी उठून सांगतं, ह्यांनी गोदीतल्या शिपायांना लोळवलं आणि निसटले. हे मान खाली घालून टाळ्या घेतात आणि मी पहिल्या रांगेत बसून दातओठ खाते. लोळवलं म्हणे! साधं झुरळ मारता येत नाही या माणसाला. शिपायांच्या अंगाला त्या दिवशी कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. खरं काय झालं ते मी सांगते, कारण वाजवत मी होते.

माझे बाबा बँडमास्तर. आमचा बँड लग्नात वाजायचा, मयतीत वाजायचा आणि परक्या सरकारचा गव्हर्नर कुठे फीत कापायला निघाला की तिथेही वाजायचा. मी ट्रम्पेट वाजवायचे. पोरीच्या जातीला हे शोभतं का, असं आत्या येता-जाता म्हणायची. पण युद्ध सुरू झालं तसा आमचा ट्रम्पेटवाला सैन्यात गेला आणि बाबांना दुसरं कुणी मिळेना.

हे तेव्हा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवून काळी पडलेली बोटं, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून बसावं. बँडच्या जाहिराती छापून आणायला मी जायचे. एका जाहिरातीला चार-चार खेपा व्हायला लागल्या तेव्हा बाबांना वास आला. मला समोर बसवून त्यांनी सांगितलं, तो पोरगा दिवसा जाहिराती छापतो आणि उरलेल्या वेळात सरकारविरुद्ध पत्रकं. असल्या घरात मी पोरगी देणार नाही. मी म्हटलं, घरात नका देऊ, त्याला द्या. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं सुरांपुरतंच उरलं.

आणि मग एक दिवस छापखान्यावर धाड पडली. ह्यांना नेलं. काळ्या बेटावर जन्मठेप. बेटावर नेणाऱ्या बोटीत चढलेला एकही माणूस तोवर परत आलेला नव्हता. मला अन्न गोड लागेना. ट्रम्पेटमध्ये फुंकर मारली की रडू बाहेर यायचं, म्हणून मी वाजवणंही टाळायला लागले.

ती बोट बेटावर कैदी उतरवून पुढे त्यांच्या मायदेशी जायची, आणि नेमकं तिनेच कुणी सेनापती घरी निघाला होता. त्याला निरोप द्यायला खुद्द गव्हर्नर येणार म्हणून आमच्या बँडला हुकूम आला. बाबा म्हणाले, तू येऊ नकोस, आजारी आहे म्हणून सांगतो. मी म्हटलं, येणार. निदान डोळे भरून बघेन तरी.

गोदीत डांबराचा वास, दोरखंडांची वेटोळी, पेट्यांच्या थप्प्या. आम्ही बोटीच्या पायथ्याशी उभे राहिलो. समोर शिपायांची रांग आणि त्यांच्या मागे, गोदामाच्या भिंतीशी, कैदी. हे खूप वाळले होते. मला बघून हसले. तुरुंगाचा कारकून त्यांच्या बेड्या काढून पोत्यात भरत होता. बेड्या तुरुंगाच्या मालकीच्या, बोटीवर बोटीच्या वेगळ्या, असा त्यांचा कारभार! तो पोत्याचं तोंड बांधतोय तोच गव्हर्नरची मोटार आली आणि बाबांनी काठी उचलली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. युद्धात मार पडायला लागला तशी या लोकांनी सलामांची सक्ती वाढवली होती. त्यांचं राजगीत सुरू झालं की गणवेशातल्या प्रत्येकाने निशाणाकडे तोंड करायचं, कपाळाला हात लावायचा आणि पुतळा व्हायचं. मध्येच नाक खाजवलं म्हणून एका शिपायाला कोठडीत टाकलं होतं. त्यात कुण्या दीडशहाण्याने हुकूम काढला होता की गव्हर्नरचा हात खाली येईपर्यंत बँडने थांबायचं नाही, आणि बँड थांबेपर्यंत गव्हर्नरने हात खाली आणायचा नाही. बाबा एक कडवं संपलं की काठी खाली आणायचे, साहेबाचा हात खाली यायचा आणि कुणाचंच घोडं अडायचं नाही.

निशाण होतं बोटीच्या डोलकाठीवर, आमच्या डोक्यावर. म्हणजे सगळ्यांची तोंडं आमच्याकडे आणि पाठी कैद्यांकडे. कैद्यांना बघत होतो फक्त आम्ही वाजवणारे. कडवं संपत आलं तेव्हा ह्यांनी भिंतीलगत एक पाऊल सरकवलं. दोन गोदामांच्या मधे बोळ होता. तो हाकेच्या अंतरावर होता, पण उरलेल्या सुरांत तिथे पोचणं शक्य नव्हतं. बाबांची काठी खाली आली. सगळे थांबले.

मी थांबले नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, एकटीने.

खाली यायला निघालेला गव्हर्नरचा हात परत कपाळाला गेला. बाबांचे डोळे पांढरे झाले. त्यांची कैद्यांकडे पाठ होती, त्यांना काय दिसणार? पण ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या शेजारी वाजवणाऱ्या आमच्या जाड्याच्या मोठ्या भोंग्याकडे गेली. बाबांना वाद्यांचं पितळ आरशासारखं लखलखीत लागायचं. त्या भोंग्याच्या तोंडात सगळी गोदी उलटीपालटी दिसत होती, आणि भिंतीच्या कडेने माणसं चालत होती.

त्यांनी एका शब्दाने मोडता घातला असता तर खेळ खलास होता. पोटापाण्याचा धंदा, वय झालेलं, आणि मागे बंदुका. बाबांनी काठी वर नेली. अख्खा बँड माझ्या मागे आला.

"वाजव," ते ओठ न हलवता म्हणाले. "श्वास चोरू नकोस."

पुन्हा कडवं. पुन्हा. गव्हर्नरचं तोंड लाल झालं, कोपर थरथरायला लागलं. सेनापतीच्या नाकावरून घाम ओघळत होता. शिपायांच्या कप्तानाला मागे काहीतरी खसफसतंय असं जाणवलं असावं, कारण त्याची बुबुळं कानाकडे फिरली होती. पण खुद्द गव्हर्नरच्या डोळ्यांदेखत मान वळवायची कुणाची छाती? कैदी पळत नव्हते, चालत होते. ह्यांनी एका म्हाताऱ्या गुरुजींना दंडाला धरलं होतं. एक जण तर बोळातून चप्पल घ्यायला परत आला, मेला! माझा जीव तिथेच जायचा. ओठ फुटून रक्त आलं, तरी मी फुंकत राहिले.

भोंग्यात नुसती भिंत उरली तेव्हा बाबांनी काठी खाली आणली.

कारकुनाने पोतं मोजून बेड्या पूर्ण असल्याचं ओरडून सांगितलं. माणूस मात्र एकही नव्हता. ती बोट कैद्यांविनाच निघाली.

बाबांना पकडून नेलं. चौकशीत कप्तान टेबल बडवत राहिला. बाबा एकच म्हणाले, "साहेब, हुकूम आहे. गव्हर्नरसाहेबांचा हात खाली आला नाही, मी कसा थांबू?" आता गुन्हा लिहायचा तर काय लिहायचा? राजाचं गीत जास्त वाजवलं? कागदावर तसं लिहायला कुणी धजेना. शेवटी हात टेकले आणि सोडून दिलं. घरी आल्यावर बाबांनी माझ्या ओठांना मलम लावलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही सुरांपलीकडचं बोललो. "पोरगा चालला बाकी तालात," ते म्हणाले, आणि मी हसता हसता रडले.

पुढे ते परके लोक युद्ध हरले, गाशा गुंडाळून गेले. त्याच आठवड्यात हे भरदिवसा आमच्या गल्लीत आले, दाढी वाढलेली, मागे निम्मं गाव. बाबांसमोर उभे राहिले, आणि एवढा बोलका माणूस, पण बोबडी वळली. बाबांनी थोडा वेळ मजा बघितली.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "पण ती वाजवायची थांबणार नाही, आधीच सांगतो."

"ती थांबली नाही म्हणून तर इथे उभा आहे," हे म्हणाले.

बोलावणं यायची वाट बघायला मी काही बसले नाही. बाहेर आले आणि सगळ्या गल्लीदेखत ह्यांचा हात धरला. आत्या काहीतरी म्हणाली. लोक इतके ओरडत होते की मला ते ऐकूच आलं नाही.