तिरपा भांग

उंटीण सलूनची पायरी चढली तेव्हाच खारूच्या डोक्यात तिडीक गेली. एकटी आली असती तर गोष्ट वेगळी होती. पण सोबत ती चष्मेवाली होती, शेवटच्या बाकावरची, आणि दोघी कशावर तरी खिदळत होत्या. महिनाभर शाळेत ओळख दाखवायची नाही आणि केस वाढले की माझ्याच मावशीच्या खुर्चीत येऊन बसायचं! लाजलज्जा म्हणून काही असते की नाही?

एकेकाळी खारू आणि उंटीण वर्गाची करमणूक होत्या. एक सारखं काहीतरी कुरतडणारी, दुसरीचा हात फळ्याच्या वरपर्यंत पोचणारा. खार आणि उंटीण ही नावं वर्गानं ठेवली आणि दोघींनी मिरवली. पाचवीत उंटिणीच्या डाव्या कानाच्या वर चाई पडली. अंगठ्याएवढ्या जागेवरचे केस गेले ते पुन्हा आलेच नाहीत. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, शाळेत जाणार नाही म्हणाली. तेव्हा खारूनं कंगवा घेऊन खटपट केली आणि मार्ग काढला. उजवीकडून तिरपा भांग पाडायचा, वरची बट डावीकडे नेऊन त्या जागेवर बसवायची आणि चाप लावायचा. दोन वर्षं रोज सकाळी शाळेच्या जिन्याखाली तिनं तो भांग पाडला. मावशीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

मग सातवीत बाक बदलले आणि उंटिणीला अचानक शिंगं फुटली. खारूचं बोलणं तिला बाळबोध वाटायला लागलं.

मावशी एका बाईंच्या डोक्याला रंग लावत होती. "खारू, हिची टोकं कापायचीत. तोवर विंचरून ठेव गं. तुझीच मैत्रीण ना ही?"

"होती," खारू पुटपुटली. मावशीला ऐकू गेलं नाही.

"हळू विंचर," उंटीण आरशाकडे बघत म्हणाली.

"तिला सवय आहे," चष्मेवाली म्हणाली. "अजून बाहुल्यांच्या वेण्या घालते ना ती? झोपताना त्यांना पांघरूण पण घालते म्हणे!"

खारूचे कान तापले. बाहुल्यांचं जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस आता मान खाली घालून स्वतःची नखं बघत होतं. विश्वासानं मान द्यावी आणि तिनं सुरी फिरवावी, तसं झालं. ठीक आहे. खारूकडेही एक गोष्ट होती, आणि ती तिच्या बोटांखालीच होती.

तिनं चाप काढले. कंगव्याचं टोक डावीकडे टेकवलं, सरळ कानापर्यंत भांग पाडला आणि केस दोन्ही बाजूंना फाकवले. दिव्याखाली ती गुळगुळीत जागा लख्ख दिसली. खारू चष्मेवालीच्या तोंडाकडे बघत राहिली. आता किंचाळेल, आता हसेल, उद्या शाळाभर करेल.

चष्मेवाली हसली नाही. उठून जवळ आली.

"सरक," ती म्हणाली आणि खारूच्या हातातून कंगवा काढून घेतला. उजवीकडून तिरपा भांग. वरची बट डावीकडे. हात एकदाही चुकला नाही. रोजची सवय असल्याशिवाय हात असा चालत नाही, हे खारूपेक्षा जास्त कुणाला कळणार? उंटिणीनं डोळे मिटून घेतले होते. जिन्याखाली ती अशीच डोळे मिटून बसायची.

"चाप," चष्मेवालीनं न बघताच हात पुढे केला. खारूनं दिले.

"मी हिला म्हटलंच होतं," उंटीण डोळे न उघडता बोलली. "एक दिवस खारू सगळ्यांना दाखवेल."

खारूला खूप काही बोलायचं होतं. आधी कुणी कुणाचं सांगितलं, हे विचारायचं होतं.

तेवढ्यात मावशी कात्री घेऊन आली, तिनं आरशात बघितलं आणि खूश झाली. "अगंबाई, किती सुरेख भांग! बघा, माझ्या भाचीचा हात आहे हा!"

कंगवा चष्मेवालीच्या हातात होता.