पंचवीस पट्ट्या

कीबोर्डवर ज्याची पट्टी नसेल, तो माणूस घरात राहत नाही. आमचा जुना कीबोर्ड मंगळवारी बंद पडला. बुधवारी दुपारी चार वाजता मी, माझे वडील आप्पा आणि बायको निलांबरी असे तिघं दुकानात हजर झालो. दुकान बंद होईपर्यंत आम्हाला पट्टीशिवाय असण्याची सवलत होती. दुकान साडेसातला बंद होतं.

मी शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी कंप्युटरवर गाणी बसवतो. माझी पट्टी अगदी मधली, पांढरी एक. आप्पा तळातल्या काळी एकवर असतात, निलांबरी वरच्या पांढरी पाचवर.

दुकानदार धोत्रे यांनी आधी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या खोलीत नेलं. ती इतकी लांब होती की पलीकडच्या टोकाला जेवायला बसलेलं एक कुटुंब वाटाण्याएवढं दिसत होतं. चुलत्यांसकट सगळे पंगतीत होते.

"हा बघायचा," धोत्रे म्हणाले. "घ्यायचा नाही."

किंमत उतरते तशी खोली अरुंद होते. एकसष्टच्या खोलीत हात पसरता आले. एकोणपन्नासच्या खोलीत कोपरं भिंतींना टेकली.

"यात तिघं नीट बसता," धोत्रे म्हणाले.

मला आठशे रुपये कमी पडत होते. आप्पांच्या खिशात पेन्शनचं पाकीट होतं, निलांबरीच्या पर्समध्ये भिशीचे पैसे. मी दोघांकडे पाहिलं. ते दोघं एकमेकांकडे पाहत होते.

"तिला म्हायेर हाय की," आप्पा म्हणाले. "तिच्या भावाकडं अठ्ठ्याऐंशीवाला हाय. बसंल तिकडं कुठंबी."

"आप्पांच्या पट्ट्या आता वाजवतं कोण?" निलांबरी मला म्हणाली. "खालचा आवाज कंप्युटर आपोआप देतो. तुम्हीच म्हणता ना, अहो?"

मी तसं म्हटलं होतं. आप्पांनी ते ऐकलं आणि मान हलवली, जणू माझ्याकडून एवढंच हवं होतं.

पंचवीस पट्ट्यांच्या खोलीत आडवं होऊन शिरावं लागलं. समोरची भिंत माझ्या छातीला लागली, मागची पाठीला. कीबोर्ड हलका होता, एका हातात मावणारा. डाव्या टोकाला दोन बटणं होती.

"डावं दाबलं की पट्ट्या खाली सरकतात, आप्पा येतात," धोत्रे म्हणाले. "उजवं दाबलं की वर सरकतात, वहिनी येतात. शेडबाळे, तुम्ही दोन्हीकडे आहात. काठावर."

"म्हणजे एका वेळी एकच?"

"लोक पाळी लावतात. सकाळ, संध्याकाळ."

"सकाळ माझी," आप्पा म्हणाले.

"आणि चहा कोण करून देणार तुम्हाला? मी तर नसेन."

"तू नसशील तर बिनचहाचं बी गोड लागंल."

धोत्रे हसले. खोलीत हसायला जागा नव्हती, त्यांचं हसू माझ्या बरगड्यांना लागलं.

सात वाजून बावीस मिनिटांनी मी पैसे दिले. धोत्र्यांनी दुकानातल्या कंप्युटरला वायर जोडली. कीबोर्डवर दिवा लागला. आप्पांचं बोट डाव्या बटणावर पडलं. त्याच क्षणी निलांबरीचं उजव्यावर.

माझ्या दोन्ही बाजूंना जागा झाली. ती लगेच भिंतींनी भरून काढली.

"दोन्ही एकदम दाबली की तो मध्यावर येतो," धोत्रे म्हणाले. "मध्यात तुम्ही एकटेच."

बटणांवर दोन बोटं उरली होती. एकावर तंबाखूचा डाग होता, दुसऱ्यावर मी दिलेली अंगठी. मागे मनगट नव्हतं, हात नव्हता, काहीच नव्हतं.

"काढा की ती बोटं," मी म्हणालो.

"मी कसा काढू? एक उचललं की दुसऱ्याचं माणूस राहतं. कुणाचं आधी उचलायचं ते घरच्यांनी ठरवायचं. आठ मिनिटं होती, आता पाच आहेत."

मी पांढरी एक दाबली. माझा आवाज आला, पूर्वी कधी नव्हता इतका स्वच्छ. शेजारची दाबली, तीही मीच होतो. मी एक लहानशी चाल वाजवली. ती चांगली होती. मी ती पुन्हा वाजवली.

"दोन मिनिटं," धोत्रे शटर ओढत म्हणाले.

बोटं हलली नव्हती. दोन्हींची नखं पांढरी पडत चालली होती. जोर वाढत होता.