जळता कंदील

“आधी कंदील सोडा,” कुशाबाई म्हणाल्या. “माझ्यादेखत.”

संपत गेल्यापासून मी शिनोलीच्या या विहिरीवर फिरकलो नव्हतो. सव्वा वर्षानं त्याच्या बायकोनं, कुशाबाईंनी, विहिरीतली मोटार दुरुस्तीला बोलावलं, तेव्हाच ओळखलं, बाईंना मला तपासायचंय. नाहीतर घोडेगावात दुसरे मेकॅनिक काय मेले होते?

संपत आणि मी वीस वर्षं जोडीनं विहिरीत उतरलो. उतरण्याआधी पेटता कंदील दोरानं तळापर्यंत सोडायचा. विझला तर खाली हवा वाईट, घरी चला. त्या दिवशी गाळ काढायचा होता. कंदील जळत गेला, जळतच वर आला. मग संपत उतरला, खालच्या टप्प्यावर बसला आणि पुन्हा उठला नाही. गाव माझ्याकडं बोट दाखवून म्हणालं, वलीनं कंदील सोडलाच नसणार.

मी कंदील सोडला. ज्योत हलली नाही.

“त्या दिशी असाच जळत व्हता?”

“असाच, वहिनी.”

“मग माणूस मरतो कसा? मला काय येडी समजता?”

डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. ते मी आजवर गिळून बसलो होतो.

“तळाला कार्बन डायऑक्साइड साचला तर कंदील विझतो. पण पाणी उपसायच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. एरवी हवेत नावालाच असतो. वास न्हाई, रंग न्हाई. विहिरीत थोडा साठला तरी माणूस जातो, अन् कंदील जळतच राहतो.”

“इंजिन तर काठावर व्हतं. मी बघितलंय.”

“ते संपतला काढल्यावर वर घेतलं. पाणी लई खोल व्हतं, वरनं ओढंना. सकाळभर खालच्या टप्प्यावर चालवलं.”

“कुणाच्या डोक्यानं?”

खोटं बोलता आलं असतं. संपत थोडाच सांगायला येणार होता.

“माझ्या. तो नको म्हणत व्हता.”

वहिनींनी कंदील वर ओढून घेतला. मला पळून जावंसं वाटलं. शेवटी पिशवीतून विषारी वायू ओळखणारा गॅस मीटर काढला, दोराला बांधून खाली सोडला, वर ओढून त्यांना दाखवला.

“हवा चांगली हाय म्हणतोय.”

“कंदील बी तेच म्हणायचा.”

त्यांनी दोर माझ्या कमरेला बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मी उतरू लागलो, तशा त्या काठावर वाकून दर पायरीला विचारू लागल्या.

“हाय का, वलीभाऊ?”

“हाय.”

त्या दिवशी काठावर मी होतो. मी बिडी ओढत होतो. एकदाही विचारलं नव्हतं.